शिक्षा फाटकापाशी संपते

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



15 ऑगस्ट जवळ आला. आपल्या मध्य प्रदेशात 26 जानेवारीला आणि 15 ऑगस्टला जन्मठेपेचे काही कैदी चांगली वागणूक बघून सोडले जातात, हे आपण पेपरात वाचतोच. उज्जैनचं भैरवगढ जेल, इंदूरचं सेंट्रल जेल, फाटकाबाहेर हार घेऊन उभे असलेले नातेवाईक, एक फोटो. बातमी तिथे संपते. दुसऱ्या दिवसाची बातमी कोणी देत नाही. तो माणूस बडनगरवरून बदनावरच्या बसमध्ये बसतो, स्टँडवर उतरतो, आणि दहा-बारा वर्षांनी स्वतःच्या गल्लीत शिरताना त्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की कोणाच्या तोंडाकडे बघावं.

हे लिहायला कारण घडलं. आपल्या परिवाराच्या दोन-तीन समूहांतून आमच्याकडे एकच प्रश्न आला. नावं आम्ही देत नाही, विचारणाऱ्यांनीही संकोचानेच विचारलं. ज्या घरचा माणूस जेलमधून परत येतोय, त्या घरी पाळीप्रमाणे गुरुवारचं भजन ठेवायचं की या वेळी पाळी पुढे ढकलायची?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो. पाळी त्यांची आहे, भजन त्यांच्याकडेच होईल. आता ते का, हे नीट बोलूया.

श्रीगुरुचरित्राचा दहावा अध्याय आपण सप्ताहात दरवर्षी वाचतो. वल्लभेश नावाचा व्यापार करणारा ब्राह्मण. व्यापारात लाभ झाला तर कुरवपूरला येऊन सहस्रभोजन घालीन असा नवस त्याने केलेला. लाभ झाला, द्रव्य घेऊन निघाला. वाटेत चोर भेटले, तेही यात्रेकरूंच्या वेषात, दोन दिवस गोड बोलत बरोबर चालले आणि रात्री त्याचा शिरच्छेद केला. मग श्रीपाद श्रीवल्लभ प्रकटले. चोर मारले गेले. पण एकजण पाया पडला, म्हणाला, मी यांच्याबरोबर होतो खरा, पण हे असं करणार हे मला ठाऊक नव्हतं. त्याला महाराजांनी राखलं.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला दरवेळी थांबवते ती पुढची गोष्ट. महाराज त्याला 'जा, सुटलास' म्हणाले नाहीत. त्याच्या हाती विभूती दिली, ब्राह्मणाचं शिर धडाला लावायला सांगितलं, त्याच्यापाशी बसवलं आणि स्वतः गुप्त झाले. विचार करा, वल्लभेश जिवंत होऊन डोळे उघडतो तेव्हा त्याला पहिलं तोंड दिसतं ते त्या चोराचं! महाराजांचं नाही. आणि काय घडलं ते सगळं त्या चोराला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं.

(बाकीच्या चोरांचं काय, त्यांना का नाही राखलं, असं बालसंस्कार वर्गातल्या एका मुलाने विचारलं होतं. प्रश्न चांगला आहे, त्यावर पुढे कधीतरी.)

म्हणजे सद्गुरूंनी माफ केलं याचा अर्थ झालं-गेलं पुसून टाकलं असा नाही. ज्याचा घात झाला त्याच्याकडे पाठ फिरवायची परवानगी त्या माणसाला मिळालेली नाही. पण त्याला काम मिळालं, बसायला जागा मिळाली, आणि हातात काहीतरी पवित्र दिलं गेलं. आम्हाला वाटतं, घरी परतणाऱ्या माणसाला नेमक्या याच तीन गोष्टींची गरज असते, आणि आपण नेमक्या याच तीन गोष्टी नाकारतो.

आता कोणी म्हणेल, अहो, पण गुन्हा केला होता ना? केला असेल. त्याचा हिशोब कोर्टाने केला, वर्षं ठरवली, ती त्याने भोगली. कोर्टाच्या निकालपत्रात कुठेही असं लिहिलेलं नसतं की यापुढे शेजाऱ्यांनी याच्या बायकोला हळदी-कुंकवाला बोलावू नये, किंवा याच्या मुलीचं स्थळ याच कारणाने परत करावं. ही दुसरी शिक्षा आपण देतो. तिला अपील नाही, तिची मुदतही संपत नाही.

आणि 'केला असेल' हे तरी सगळ्यांना लागू होतं का? 2022 च्या अखेरीस देशातल्या जेलांमध्ये 5,73,220 माणसं होती. त्यातले 4,34,302 विचाराधीन, म्हणजे खटला चालू असलेले, गुन्हा सिद्ध न झालेले. चारांतले तीन. यातले कितीतरी उद्या निर्दोष सुटून येतील. पण गल्लीत त्यांच्याबद्दल 'काहीतरी केलंच असेल, उगीच कोण नेतं' हे वाक्य त्यांच्या आधी येऊन बसलेलं असतं. जन्माष्टमीला आपण मोठ्या प्रेमाने पाळणा हलवतो. तो जन्म कुठे झाला? वसुदेव-देवकी कोणत्या गुन्ह्यात आत होते?

परत आलेल्या माणसाला गावाने दार लावलं तर काय होतं, याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या मराठी माणसाच्या घरातलीच आहे. विठ्ठलपंत. संन्यास घेऊन काशीला गेले होते, आणि घरी बायको आहे हे कळल्यावर त्यांच्या गुरूंनीच त्यांना आळंदीला परत पाठवलं. लक्षात घ्या, गुरूंच्या आज्ञेने परत आले. गुन्हा म्हणावा असं तर काहीच नाही. तरी आळंदीने त्यांना वाळीत टाकलं, आणि परंपरा सांगते की प्रायश्चित्त म्हणून त्या नवरा-बायकोने शेवटी देहत्याग केला. चार लेकरं मागे राहिली आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. त्यातल्या एकाने पुढे ज्ञानेश्वरी सांगितली म्हणून आपल्याला ही गोष्ट माहीत आहे. ज्यांच्या पोरांनी ज्ञानेश्वरी सांगितली नाही अशी किती घरं असतील! आळंदीच्या त्या माणसांना आपण आज नावं ठेवतो. तीही देवाधर्माची माणसं होती, भजन-पूजन करणारीच. गुरूंची आज्ञा होती घरी जा म्हणून, आणि अडवणारे धर्माचंच नाव घेऊन अडवत होते.

दुसरीकडे, विश्वास टाकला तर काय होतं तेही झालेलं आहे. औंध संस्थानात राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. हे पोलंडचे इंजिनीअर, पुढे निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं इंग्रजी करणारे तेच. शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय ठेवलं, शेती दिली, आणि बायको-मुलांसह राहू दिलं. 'दो आँखें बारह हाथ' हा शांतारामबापूंचा 1957 चा सिनेमा आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलाच असेल. गदिमांची ती कथा या स्वतंत्रपुरावरूनच सुचलेली. ही वसाहत सिनेमातली नाही, सांगली जिल्ह्यात खरोखरची आहे.

आपल्या राज्यातलं उदाहरण तर आणखी कठीण होतं. 1972 च्या एप्रिलमध्ये मुरैना जिल्ह्यात जौरा इथे जयप्रकाशजींसमोर चंबळच्या बागींनी शस्त्रं ठेवली. मागे सुब्बरावजींच्या आश्रमाचं काम होतं. त्यांच्यासाठी मुंगावलीला खुलं जेल उघडलं. मोहरसिंग, ज्यांच्या नावाने माणसं दारं लावून घ्यायची, शिक्षा भोगून मेहगावला राहिले आणि त्याच गावच्या लोकांनी त्यांना नगर पंचायतीच्या अध्यक्षपदी निवडून दिलं. त्याच भागात ज्यांची माणसं मारली गेली ती घरंही होती. त्यांच्या मनात काय चाललं असेल हे आपण बसल्या जागी ठरवू नये.

हा मुद्दा आम्हाला टाळायचा नाही. ज्या घराचं नुकसान झालं, ते घरही कदाचित आपल्याच परिवारात आहे, आपल्याच समूहात हे पत्र वाचतंय. त्या घरावर 'आता माफ करा हो, गुरुमाउलींची शिकवण आहे' असा भार कोणीही टाकू नये. माफी द्यायची की नाही, केव्हा द्यायची, हे त्यांचं. त्यांना त्या घरच्या भजनाला यायचं नसेल तर त्यांची गैरहजेरी कोणी मोजू नये, उलट त्या संध्याकाळी दोघा-तिघांनी त्यांच्याकडे जाऊन बसावं. वल्लभेशाच्या बाजूने उभं राहणं आणि चोराला काम देणं ही दोन्ही कामं महाराजांनी एकाच रात्री केली.

आणि एक सावधपणा, स्पष्टच सांगतो. गुन्हा लेकरांच्या किंवा बायकांच्या बाबतीतला असेल, तर त्या माणसाला बालसंस्कार वर्गाच्या जवळपास कोणतीही सेवा नाही, एकट्याने कोणाच्या घरी जाणं नाही. आरतीला येऊ दे, प्रसाद घेऊ दे, मोठ्या माणसांच्या सोबत. याला तिरस्कार म्हणत नाहीत. त्यालाही हे तोंडावर, शांतपणे सांगावं, पाठीमागे कुजबुजून नाही.

आता कामाचं. 1954 साली आपल्या राज्याने कैद्यांना परिवीक्षेवर सोडण्याचा एक कायदा केला. त्यात असं ठेवलं होतं की कैद्याला मुदतीपूर्वी सोडताना त्याची देखरेख सरकारी अधिकारी करील, नाहीतर त्याच्याच धर्माची एखादी व्यक्ती किंवा संस्था करील, मात्र तिने स्वतः होऊन जबाबदारी घ्यायला तयार असलं पाहिजे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना सत्तर वर्षांपूर्वीच कळलं होतं की हे एकट्या सरकारचं काम नाही. जबाबदारी घेणारा कोणी पुढे आला तरच दार उघडतं.

ती घेणं म्हणजे काय? पहिले पंधरा दिवस सगळ्यात अवघड असतात. आत गेला तेव्हाचा मोबाइल नंबर बंद झालेला, आधार त्याच नंबरला जोडलेलं, म्हणून ओटीपी येत नाही. बँकेचं खातं केवायसीअभावी अडकलेलं. समग्र आयडीत नाव आहे की कटलं, रेशनच्या पर्चीत आहे की नाही, हे बघायला तहसीलला चकरा. जमानतीवर आलेला असेल तर पेशीची तारीख चुकता कामा नये, चुकली की वॉरंट निघतं आणि पुन्हा आत. अटींवर सुटलेला असेल तर ठाण्यात हजेरी. हे सगळं कळणारा, स्कूटरवर मागे बसवून नेणारा एक माणूस पाहिजे. उपदेश करणारे दहा असतात, स्कूटर काढणारा एक मिळत नाही. वकिलाची अडचण असेल तर विधिक सेवेचा 15100 हा नंबर आहे, सल्ला मोफत मिळतो. धारला जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं कार्यालयही आहे.

मग रोजगार. भैंसोल्याला कापडाचं मोठं पार्क होतंय, सगळ्यांची आशा तिकडे आहे, पण मोठ्या कारखान्यात पोलिस व्हेरिफिकेशन मागतात आणि तिथे हा माणूस अडकणार. त्याला पहिलं काम ओळखीतूनच मिळेल, म्हणजे आपल्यातूनच. परिवारात मंडीत आडत असलेले आहेत, लसूण-बटाट्याचा व्यापार करणारे आहेत, सोयाबीनच्या काढणीला मजूर शोधत फिरणारे तर घरोघरी आहेत. रोजी जी इतरांना तीच त्याला. 'जेलमधून आलाय, कमीत राबेल' हा विचार ज्याच्या मनात येईल त्याने कृपा करून काम देऊ नये. कल्ल्याची चावी पहिल्याच दिवशी द्या असं कोणी म्हणत नाही. तोलाईवर उभं करा, महिनाभर बघा, मग पुढचं.

घरातल्या बाईकडे लक्ष द्या. इतकी वर्षं तिने एकटीने घर ओढलं, निर्णय तिने घेतले. आता नवरा परत आला म्हणून सगळे त्याच्याशी बोलायला लागतात आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात. मुलं बापाला ओळखत नाहीत, काका म्हणतात. त्यालाही रात्री दिवा मालवून झोप येत नाही, कारण बराकीत दिवा रात्रभर चालू असायचा. या घरात पहिल्या महिन्यात भांडणं होतील. ती ऐकून 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं म्हणू नका. आपल्या ताईंपैकी कोणीतरी जाऊन तिच्याजवळ बसा, नुसतं बसा.

आणि मोबाइलचं. त्याचा फोटो समूहात टाकू नये, हार घातलेला सुद्धा नाही. जुन्या बातमीचं कात्रण ज्याच्याकडे असेल त्याने ते काढून टाकावं. भजनात त्याला अनुभव सांगायला उभं करू नये, 'आत कसं असतं' विचारू नये. टाळ हातात द्यावेत, रांगेत इतरांसारखं बसवावं. बोलायचं असेल तेव्हा तो बोलेल, कदाचित कधीच बोलणार नाही.

श्रावणातल्या त्या गुरुवारी पाळीचं घर तेच राहील, वेळ नेहमीची, आरती साडेसातला. त्या घरची ऐपत सध्या बेताची आहे म्हणून प्रसादाचा शिरा सामायिक होईल. रवा-साखर-तूप कोण आणणार ते महिला मंडळाच्या समूहात आज रात्री ठरवून घ्यावं. उज्जैनला आणायला जाण्यासाठी एक चारचाकी लागेल, सकाळी सहाला निघावं लागेल. ज्यांना गाडी देता येईल त्यांनी समूहात न लिहिता आम्हाला वेगळा फोन करावा. त्याच्या मापाचे दोन जोड कपडे आणि चपला आल्या आहेत, छत्री अजून हवी आहे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥