दुरुस्तीचा क्रम

दसऱ्याला आपल्याकडे वाहनांची पूजा होते. बैलगाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत सारे काही धुऊन निघते, हळदीकुंकू लागते, झेंडूची माळ चढते. तीन आठवड्यांनी दिवाळीचा पाडवा येतो आणि ज्यांची ऐपत असते ते नवी गाडी घरी आणतात. पूजेला भाव लागतो, खरेदीला पैसा लागतो. परंतु उरलेल्या 364 दिवसांत त्या वाहनाचे काय करावे, याविषयी पंचांग काहीच सांगत नाही. आणि माणसाची खरी परीक्षा त्या 364 दिवसांतच होत असते.

बेताच्या मिळकतीत जुनी स्कूटर चालती कशी ठेवावी, हा नीतीचा प्रश्न आहे असे म्हटले तर लोक हसतील. तो मिस्त्रीचा प्रश्न आहे, फार तर खिशाचा आहे, असे ते म्हणतील. वरवर पाहता ते खरेही आहे. ज्याच्याजवळ पुरेसा पैसा आहे त्याला या बाबतीत नीतीची गरजच पडत नाही. जे जे बिघडेल ते ते तो दुरुस्त करून घेतो. परंतु ज्याच्या हाती महिनाअखेरीस पाचशे रुपये आहेत आणि ज्याच्या स्कूटरमध्ये दोन हजारांचे काम निघाले आहे, त्याला निवड करावी लागते. काय आज करायचे, काय पुढच्या महिन्यावर टाकायचे आणि काय कधीच करायचे नाही, हे त्याला ठरवावे लागते. आणि जेथे निवड आली तेथे नीती आली. श्रीमंताची दुरुस्ती हा व्यवहार असतो. गरिबाची दुरुस्ती हा न्यायनिवाडा असतो.

आमच्या बोरीच्या बाजारात किंवा जिंतूर-परभणी रस्त्यावर अजूनही एखादी जुनी चेतक दिसते. पुण्याजवळच्या आकुर्डीला बजाजने 1972 साली ही गाडी काढली आणि राणाप्रतापाच्या घोड्याचे नाव तिला दिले. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत; कोणाकोणाला ती दहा वर्षांनी मिळाली. जी वस्तू इतक्या प्रतीक्षेने घरात येते ती सहजासहजी टाकवत नाही. पुढे काळ पालटला. मोटारसायकली आल्या, गिअर नसलेल्या स्कूटर आल्या आणि जुनी चेतक कारखान्यातून निघेनाशी झाली. जानेवारी 2020 मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. नाव परत आले. पण किक मारण्यापूर्वी गाडी एका अंगावर कलती करणारा तो घरधनी त्या नावाबरोबर परत आला नाही.

ही गाडी सांभाळण्यात एक शिस्त होती, आणि ज्यांच्याकडे ती आजही आहे त्यांना ती शिस्त पाळावीच लागते. दोन स्ट्रोकच्या त्या इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल लागते: शंभराला दोन, म्हणजे एका लिटरला वीस मिलिलिटर. तेल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो आणि इंजिन जागच्या जागी जाम होते. तेल जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते, सायलेन्सर कोंदतो आणि मागे निळसर धुराचा पडदा पसरतो. म्हणजे वीस मिलिलिटरची काटकसरही चालत नाही आणि वीस मिलिलिटरचे औदार्यही चालत नाही. वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो तसा जाणता मिस्त्री आधी प्लग काढून पाहतो. तो तांबूस-तपकिरी असला तर सारे ठीक. काळा आणि ओला असला तर इंजिनाला अपचन झाले आहे. पांढुरका असला तर त्याला ताप चढला आहे.

बिघाड शोधण्याचाही एक क्रम असतो. गाडी सुरू होत नाही तेव्हा प्रथम टाकीत पेट्रोल आहे का ते पाहायचे. मग कॉक उघडा आहे का. मग पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत उतरते का. मग प्लगमध्ये ठिणगी पडते का. जवळचे आणि साधे कारण आधी, दूरचे आणि खर्चाचे नंतर. हे ऐकायला सोपे वाटते. परंतु माणसाची प्रवृत्ती नेमकी याच्या उलट असते. टाकी रिकामी असताना तो कंपनीला दोष देतो, पेट्रोलमधील भेसळीला देतो, दिवस वाईट असल्याचे सांगतो. यंत्राचा एक मोठा गुण असा, की ते कोणाची सबब ऐकत नाही. लेकरू समजूत घातली तर ऐकते, साहेब आर्जव केले तर ऐकतो. रिकाम्या टाकीला किक किती मारावी?

बिघाड सापडला, की पुढचा क्रम येतो, आणि तो अवघड असतो. कारण तो यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो. मिस्त्री हात पुसत म्हणतो, "सर, मागच्या ब्रेकचे लायनर संपले, टायर गोटा झालाय, क्लचवायरचे दोन पदर तुटलेत, पत्रा गंजलाय, अन् सीट फाटलंय." गिऱ्हाईक क्षणभर विचार करते आणि म्हणते, "भाई, सीटचं कव्हर टाकून द्या. बाकी पगार झाला की बघू." हा संवाद मराठवाड्यातल्या कोणत्याही गॅरेजात ऐकू येईल. त्यात कोणी दुष्ट नाही. फाटके सीट चारचौघांना दिसते. ब्रेकचे लायनर ड्रमच्या आत असते, ते कोणालाच दिसत नाही. गरिबीतही माणसाला लाज झाकावीशी वाटते, आणि ते त्याच्या माणूसपणाचेच लक्षण आहे. पण म्हणून हा निवाडा बरोबर ठरतो काय?

मला वाटते, येथे एकच प्रश्न विचारावा: हा बिघाड बळावला तर त्याची किंमत कोण मोजील? सीट फाटकेच राहिले तर माझी अब्रू थोडी कमी होईल. किंमत मी मोजीन. क्लचवायर वाटेत तुटली तर उन्हातान्हात गाडी मला ढकलावी लागेल. तीही मीच मोजीन. तेलात कसूर झाली तर यंत्र आणि माझा खिसा मिळून मोजतील. टायर गोटा असेल तर पावसाळ्यात काळ्या मातीच्या राड्यावर गाडी घसरेल, आणि मागे बसलेली बायको नि पुढे उभे राहिलेले पोर ती किंमत मोजील. ब्रेक लागला नाही तर शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारे कोणाचे तरी लेकरू ती मोजील. त्या लेकराने माझ्या स्कूटरवरून कधी एक मैलही प्रवास केलेला नाही, माझ्या काटकसरीत त्याला एक पैशाचा वाटा नाही. म्हणून जो बिघाड परक्याच्या जिवावर बेततो तो पहिला; जो आपल्यावर विसंबलेल्यांच्या जिवावर बेततो तो त्याच्या बरोबरीचा; नंतर यंत्र, नंतर माझी सोय आणि सर्वांत शेवटी माझी प्रतिष्ठा. आधी ब्रेक, मग रंग. एवढेच या निबंधाचे तात्पर्य म्हटले तरी चालेल.

यावर कोणी म्हणेल, "हे भरल्या पोटीचे बोलणे झाले. ब्रेकलाही पैसे नसले तर त्याने काय करावे?" आक्षेप रास्त आहे. गरिबी पुष्कळ गोष्टी माफ करविते. उधारी, उशीर, जुने कपडे, हे सारे तिच्या खात्यावर मांडता येते. पण परक्याचा जीव त्या खात्यावर मांडता येत नाही. ब्रेक परवडत नसेल तर कर्तव्य संपत नाही, ते रूप बदलते: मागे कोणाला बसवायचे नाही, आणि लायनर अगदीच संपले असेल तर गाडी उभी ठेवून एसटीची वाट पाहायची. ही शिक्षा कठोर आहे हे मी जाणतो. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला किंवा घरोघरी दूध घालणाऱ्याला एक खाडा म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. म्हणूनच या हिशेबात समाजाचाही वाटा धरला पाहिजे. वेळेवर बस असती तर त्याला धोका पत्करावा लागला नसता. रस्त्यात खड्डे नसते तर दहा इंचांच्या त्या लहानग्या चाकाचा टायर वर्षाआधी मरता ना.

आणि खड्डा म्हणजे तरी काय? तीही एक पुढच्या महिन्यावर टाकलेली दुरुस्तीच. पूल झाला, शाळेची खोली झाली, की कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो निघतो. दुरुस्तीची कोनशिला कोणी पाहिली आहे काय? वर्गाचे गळके पत्रे बदलले म्हणून सनई वाजलेली ऐकिवात नाही. सीटचे कव्हर घेणारा तो गिऱ्हाईक आणि जुना रस्ता तसाच ठेवून नवी कमान उभारणारे गाव, दोघांचा निवाडा एकच आहे.

छत्रपती संभाजीनगरातल्या, 1950 साली डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे ज्याचे नाव मिळाले, त्या मिलिंद राजाची एक गोष्ट बौद्ध ग्रंथात आहे. नागसेन भिक्खू त्याला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कळून येते की सुट्या भागांच्या मेळाला दिलेले 'रथ' हे एक नाव आहे. जुन्या स्कूटरला हे तंतोतंत लागू पडते. टायर बदलले, वायरी बदलल्या, पिस्टन बदलला, दिवाही दुसऱ्याच गाडीचा बसविला. तरी आपण म्हणतो, ही वडिलांची स्कूटर. सरकारी दप्तर तिला पत्र्यावर ठोकलेल्या नंबरावरून ओळखते. मला मात्र वाटते, की तीत न बदललेली एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे तिची जबाबदारी. ती वडिलांकडून मुलाकडे भाग न बदलता येते.

पण या विचाराला एक टोक आहे, आणि ते टोचणारे आहे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात आत आलेल्या मिश्रणाचा काही अंश न जळताच बाहेर निसटतो. ही त्याची घडणच आहे. ट्यूनिंगने धूर कमी होईल, पण जाणार नाही. म्हणजे माझ्या काटकसरीचा श्वास मागून येणारा सायकलवाला घेत असतो. मग "किंमत कोण मोजतो" या माझ्याच प्रश्नासमोर माझी लाडकी स्कूटर उभी राहते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, हा कायदा जाचक वाटतो खरा. परंतु तो जे विचारतो ते आपण स्वतःलाच विचारायला हवे होते. दुसरीकडे, चालती वस्तू फेकून दरवर्षी नवी आणणे म्हणजेही निर्मळपणा नव्हे. नव्या वस्तूचा धूर दुसऱ्या गावच्या कारखान्यात निघतो, इतकेच.

म्हणून सांभाळणे आणि कवटाळणे यांत भेद केला पाहिजे. जोवर वस्तू आपली सेवा करते आणि परक्याला अपाय करीत नाही, तोवर तिला टाकणे हा उतमात आहे. ज्या दिवशी आपला जिव्हाळा दुसऱ्याच्या छातीत धूर होऊन जाऊ लागतो, त्या दिवशी तिला मोडीत काढणे ही देखभालीचीच शेवटची पायरी आहे. तो दिवस कोणता, हे मिस्त्री सांगणार नाही. त्याचे पोट तिच्यावर आहे. विक्रेताही सांगणार नाही. त्याचे पोट नवीवर आहे. ते ज्याचे त्यानेच, प्लग काढून पाहावा तसे स्वतःला उजेडात धरून, ठरवायचे आहे.