पैलतीराचे ऋण

सहलीपेक्षा सहलीचा बेत करण्यात मौज अधिक, असे माझे जुने मत आहे. प्रत्यक्ष सहलीत ऊन लागते, चाकातली हवा जाते, कुणाचे तरी पोट बिघडते. बेतात यांतले काहीच घडत नाही. नकाशावरचा चढ पेन्सिलीला लागत नाही. म्हणून पाऊस ओसरू लागला, गणपती गावाला गेले, की माझ्या टेबलावर नकाशा पसरला जातो आणि वर्गातली चार उचापती पोरे भोवती जमतात.

यंदाचा बेत असा होता : मार्गशीर्षातल्या थंडीत पहाटे वेंगुर्ल्याच्या बाजूने सायकली काढायच्या, शिरोडे, रेडी करीत तेरेखोलला पोचायचे, तिथे सायकलींसकट फेरीबोटीत चढून खाडी ओलांडायची, पलीकडे केरीला उतरून हरमलला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत फिरायचे. बारा मुलांची यादी झाली. त्यांत चार मुली. तेरावा मी.

एका चौकस मुलाने लगेच शंका काढली, "सर, किरणपाणी-आरोंद्याला पूल आहे ना? मग फेरीची वाट कशाला बघायची?"

"पुलावरून परत येऊ," मी म्हटले, "पण जाताना फेरीच. पुलावरून गेलास तर वाटेत नदी लागली होती हे घरी सांगायचे तुझ्या ध्यानातसुद्धा राहणार नाही."

त्याचे समाधान झाले असावे, किंवा शिक्षकाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्याला कळले असावे. दुसरी शंका मात्र अशी सहज निकालात निघण्यासारखी नव्हती. नकाशावर बोट ठेवून एक मुलगा म्हणाला, "तेरेखोलची नदी म्हणजे महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द. मग हा किल्ला नदीच्या अलीकडे असून गोव्यात कसा?"

प्रश्न रास्त होता. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे आमच्या बाजूला आहे. सतराव्या शतकात तो सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधला. १७४६ साली पोर्तुगिजांनी तो जिंकून घेतला, आणि तेव्हापासून उत्तर तीरावरचा तो एवढासा तुकडा गोव्याच्या ताटात राहिला तो राहिलाच. १९६१ साली पोर्तुगीज गेले, १९८७ साली गोवा वेगळे राज्य झाले, पण तेरेखोल पुन्हा इकडे आले नाही. रेडीहून आपण चढ चढून जातो तेव्हा पाणी दिसायच्या आधीच गोव्यात शिरलेले असतो. फेरीबोट गोव्यातून निघते ती गोव्यातच पोचते.

मुले हिरमुसली. नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात उतरायचे, यातच त्यांचे सगळे शौर्य साठवलेले होते. मी त्यांना म्हटले, "हद्द कुठे आहे हे नदीला कुणी विचारलेले नसते. ती माणसे ठरवतात, आणि बहुधा नदीकडे पाठ करून ठरवतात."

मग वेळेचा प्रश्न आला. खाडीवरच्या फेरीला घड्याळापेक्षा पाण्याचा हुकूम जास्त चालतो. ओहोटीला पाणी उतरले की बोट अडते. आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आम्ही योजलेल्या शनिवारी नवमी होती. नऊची पाऊणपट पावणेसात. म्हणजे भरती सकाळी पावणेसातला, आणि आम्ही दमूनभागून धक्क्यावर पोचणार तेव्हा एकच्या सुमाराची ऐन ओहोटी. बेत एक आठवडा पुढे ढकलला. पुढच्या शनिवारी वद्य प्रतिपदा येत होती. एकाची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजताची भरती! मुलांनी टाळ्या पिटल्या. गणिताच्या तासाला इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

इथवर सगळे सुरळीत होते. त्या संध्याकाळी आमच्या वाडीतले आबा काठी टेकीत माझ्या पडवीत आले. वय पंच्याऐंशीच्या घरात, नजर अधू, आवाज मात्र खणखणीत. त्यांची नात माझ्या वर्गात आहे आणि यादीत तिचे नाव पहिले होते. आबा बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "मास्तरांनू, थंय माणसां मेली. आणि तुमी पोरांका घेवन थंय सहलीक जातास?"

मी काही उत्तर देण्याच्या आत ते अंगणात उतरले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांच्या नातीने यादीतले आपले नाव स्वतःच्या हाताने खोडले. कारण विचारले तर ती खाली बघत राहिली.

आबांच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले. त्यांच्या हातांत शस्त्र नव्हते. त्यांनी तिथे तिरंगा लावला आणि एक दिवस तो किल्ला स्वतंत्र राहिला. मग ते पकडले गेले आणि तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी, १९५५ च्या १५ ऑगस्टला, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो सत्याग्रही ठिकठिकाणी हद्द ओलांडू लागले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. वीसांहून अधिक माणसे त्या एका दिवसात गेली. त्याच वर्षी तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी बळी पडले. त्या नावापुढचा 'गुरुजी' हा शब्द वाचला की माझ्यासारख्या खडूने हात पांढरे करणाऱ्या माणसाला आपली खुर्ची उगाचच टोचू लागते. त्यानंतर हद्द बंद झाली, आणि समोर दिसणारे गाव सहा वर्षे परदेशाहून परके झाले.

ज्या वाटेवर माणसांनी छातीवर गोळ्या घेतल्या, त्या वाटेने पंक्चरचे सामान आणि पोह्यांचे डबे घेऊन हसतखिदळत जाण्याचा आपल्याला अधिकार आहे का? हा प्रश्न मी स्वतःला प्रथमच विचारीत नव्हतो. काही वर्षांपूर्वी त्याचे एक उत्तर मी देऊन बसलो होतो, आणि ते आठवले की आजही मला बरे वाटत नाही. तेव्हाही मी मुलांना घेऊन तेरेखोलला गेलो होतो, एस.टी.ने. किल्ल्यापाशी भर दुपारी त्यांना ओळीत उभे केले आणि तासभर भाषण दिले. भाषण चांगले झाले. निदान मला तसे वाटले. माझा आवाज दाटून आला असताना एका मुलाने शेजाऱ्याला विचारले, "जेवण कधी रे?" मी त्याला पुढे बोलावले आणि सगळ्यांसमोर त्याच्या मुस्कटात मारली. तो रडला नाही. परत आल्यावर मी निबंध लिहायला दिला. त्या मुलाने माझेच भाषण शब्दन् शब्द उतरवून काढले होते, दाटलेल्या आवाजासकट. मी त्याला सर्वांत जास्त गुण दिले.

त्या गुणांची मला लाज वाटते. मारल्याची वाटतेच, पण गुणांची अधिक. माझ्या अंगावर जे ऋण होते ते मी त्या पोराकडून वसूल केले, आणि पावती म्हणून गुण दिले! त्याने काय पाहिले होते त्या किल्ल्यावर? ऊन, भूक आणि एक संतापलेला मास्तर.

तेव्हा, मान खाली घालूनच जावे, हे उत्तर मी करून पाहिले आहे. ते टिकत नाही. तेरेखोल हे काही केवळ स्मारक नाही. तिथे माणसे राहतात. बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन फेरीत चढतात, दूधवाला चढतो, नवरा-नवरी चढतात. रोज खाडी ओलांडताना त्यांनी सुतकी चेहरे करावेत असे म्हणणे हा वेडेपणा आहे. मेलेल्यांना ते आवडले असते असेही मला वाटत नाही. ते मेले तेच मुळी या बायकांना टोपली घेऊन कुणालाही न विचारता पलीकडे जाता यावे म्हणून. आज गोव्यातून महाराष्ट्रात शिरताना पोलीस कधी पिशवी उघडून पाहतो, तो आत बाटली आहे का एवढेच बघायला. हद्द इतकी क्षुद्र होऊन बसली, हाच त्या माणसांचा विजय होय.

उलट बाजूचे उत्तरही मी मनाशी घोळवले : झाले गेले, गंगेला मिळाले, आजच्या पोरांचा त्याच्याशी काय संबंध? ते उत्तर सोयीचे आहे, पण त्यात एक धोका आहे. जी मोकळीक आपोआप मिळाली असे वाटते, ती उन्हासारखी सर्वांना सारखीच मिळते आहे असेही माणूस समजू लागतो. शेजारच्याच्या दारात ती पोचलेली नाही हे त्याला दिसत नाही.

मग हे ऋण फेडायचे तरी कसे? ज्यांनी दिले ते घ्यायला उरले नाहीत. या विचारात असताना मला आपल्याकडची जुनी कल्पना आठवली. माणूस तीन ऋणे घेऊन जन्माला येतो असे आपले पूर्वज म्हणत : देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे. त्यांतल्या ऋषिऋणाची फेड ऋषींच्या हाती काही ठेवून होत नाही; ती स्वतः शिकून होते. पितृऋण तर पितरांना परत करताच येत नाही; ते फिटते पुढच्या पिढीला वाढवून. म्हणजे हे देणे मागे वळून द्यायचे नसतेच, ते पुढे द्यायचे असते. ज्याने माझ्यासाठी एक वाट मोकळी केली, त्याचे देणे मी दुसऱ्या कुणाची तरी अडलेली वाट मोकळी करूनच देऊ शकतो. हार आणि भाषणे ही फार तर त्या देण्याची आठवण. ते देणे नव्हे.

विचार इथवर आला आणि माझी नजर टेबलावरच्या यादीकडे गेली. पहिले नाव खोडलेले होते.

मी आबांकडे गेलो. वाद घालायचा नाही असे ठरवूनच गेलो होतो. म्हटले, "आबा, तुम्ही म्हणालात ते खरे आहे. पण तेव्हाचे तुम्ही मला कधी सांगितले नाहीत."

आबा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. मग म्हणाले, त्यांचा थोरला भाऊ १९५५ साली गेला होता. परत आला तो पाठीवर वळ घेऊन. पुढे मरेपर्यंत त्याने त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. आबा तेव्हा पंधरा वर्षांचे. त्यांनाही जायचे होते. पहाटे निघाले तर आई उंबरठ्यावर आडवी बसलेली. 'एक गेला तेवढा पुरे,' म्हणाली, आणि हलली नाही.

"सत्तर वर्षां झाली, मास्तर," आबा म्हणाले, "आवशीचा काय चुकला नाय. पण मी तिका मनातसून माफ करूक नाय."

हे बोलून ते थांबले. अडकित्ताही थांबला. आत स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. नात तिथे होती आणि ऐकत होती हे आम्हा दोघांनाही कळले. मी काही बोललो नाही. माझ्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण त्या दुपारच्या भाषणाने मला एवढे तरी शिकवले होते.

मला आबांना ढोंगी म्हणायचे नाही. त्यांना नातीची काळजी वाटते. रस्त्यावर ट्रक असतात, दिवस बरे नाहीत, मुलीची जात. त्यांच्या आईलाही काळजीच वाटत होती. माणसाला अडवणारे सगळेच काही शत्रू नसतात; पुष्कळ वेळा ते माया करणारे असतात, आणि म्हणूनच त्यांनी आखलेली हद्द ओलांडायला फार जड जाते. परक्याच्या बंदुकीपुढे छाती काढता येते. उंबरठ्यावर बसलेल्या आईला ओलांडून जायचे कसे?

निघताना आबांनी विचारले, "भरती किती वाजता?"

"पाऊण वाजता. प्रतिपदा आहे."

त्यांनी बोटांवर मोजले. मान हलवली. "सकाळी उशीर करू नकात. रेडीच्या चढार दमतली पोरां," एवढेच म्हणाले.

ही परवानगी होती की नुसता सल्ला, हे मला अजून कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी यादीच्या शेवटी एक नाव पुन्हा आले होते. शाईने नव्हे, पेन्सिलीने. खोडता येईल असे. मी ते तसेच राहू दिले. मार्गशीर्षाला अजून अवकाश आहे. तोवर मी वर्गाला तेरेखोलची सगळी हकीगत सांगणार आहे, पण सावलीत बसवून आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. पुढे धक्क्यावर मी भाषण करणार नाही. भरतीच्या वेळी फेरीत तेरा सायकली चढल्या की बारा, एवढेच मोजणार आहे.