प्रौढ वयात तालीम करावी काय?

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील मंडळीचे उपदेशक आमच्याकडे मुक्कामास आले होते. पहाटे आम्ही काठी घेऊन अंगणात उतरलो, तेव्हा ते ओट्यावर बसून बराच वेळ मुकाट्याने पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "पाळकसाहेब, हे तर पोरांचे काम. आपले वय ह्या गोष्टींचे राहिले काय? आणि वय असते, तरी देवाच्या सेवकाने मारण्याची विद्या शिकावी काय?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. तोच प्रश्न इतर बंधूंनीही निरनिराळ्या शब्दांत आम्हांस केला आहे. म्हणून त्याविषयीचा आमचा विचार वाचकांपुढे ठेवतो.

आम्ही ह्या नादास कसे लागलो, हे प्रथम सांगणे प्राप्त आहे. 2020 सालच्या डिसेंबरात ह्या करमाळा तालुक्यात एका बिबट्याने थोड्याच दिवसांत तीन माणसांचे प्राण घेतले. त्या दिवसांत सूर्य मावळला की घरोघरची दारे लागत. रात्री पिकास पाणी देण्यास जाणारे शेतकरी विजेऱ्या व काठ्या घेऊन टोळीने निघत. 18 डिसेंबर रोजी तो बिबट्या गोळीने मारला गेला, तेव्हा कोठे लोकांस झोप आली. त्याआधी वस्त्यांवरील आजारी माणसांच्या भेटीस जाताना आम्हीही हातात काठी घेत असू. एका वस्तीवर एक म्हातारी आमच्याकडे निरखून पाहून म्हणाली, "साहेब, काठी तुम्ही छत्रीवानी धरलीय. तिला कुत्रंसुद्धा भ्यायचं नाही." काठीने बिबट्या आवरतो असे कोणी समजू नये, एकट्याने न जाणे, उजेड बाळगणे व बोलत-गाजत चालणे हाच त्यावर खरा उपाय. तथापि म्हातारीचे बोलणे आमच्या मनातून जाईना. बेचाळीस वर्षांचे वय झाले, अनेकांस अनेक गोष्टी शिकविल्या, आणि आपल्या हातातील काठी आपणांस धरता येत नाही! पुढल्याच महिन्यात आम्ही आमच्या मंडळीतील एका बावीस वर्षांच्या तरुणाकडे काठी शिकण्यास गेलो. तो गावच्या तालमीत कुस्ती व काठी दोन्ही शिकलेला होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शरीराचा. पिकल्या वेळूस वाक देता येत नाही, असे लोक म्हणतात. ह्यात काही अंशी सत्य आहे. चाळिशीनंतर मनुष्याच्या स्नायूंचे बळ हळूहळू उतरू लागते, तोल जाऊ लागतो, आणि म्हातारपणी साध्या पडण्याने मांडीचे हाड मोडून कित्येक जण अंथरुणास खिळतात. परंतु ह्यावरून व्यायाम सोडावा असे ठरत नाही. उलट तो धरावा असेच ठरते. 1990 साली अमेरिकेतील बॉस्टन येथे नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करविण्यात आला. ज्यांनी तो शेवटास नेला, त्यांच्या पायांचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 साली पासष्ट वर्षांवरील माणसांस आठवड्यातून तीन दिवस तरी तोल व बळ वाढविणारा व्यायाम करण्यास सांगितले आहे. मग काठीचा पवित्रा म्हणजे दुसरे काय आहे? पाय रोवणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, वळणे, आणि वळताना न पडणे.

दाखला हवा असल्यास औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांचा घ्यावा. त्यांचा जन्म 1868 सालचा. 1908 च्या सुमारास, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सूर्यनमस्कारांचा नेम धरला, पुढे आपल्या संस्थानातील शाळांतूनही तो व्यायाम चालू केला, आणि 1951 पर्यंत ते जगले. त्या नमस्कारांशी जोडलेले मंत्र आमचे नव्हेत. येथे आम्हांस केवळ त्यांच्या वयाचा दाखला घ्यावयाचा आहे. शरीर उशिरा मारलेल्या हाकेसही ओ देते. मात्र ते सावकाश देते, आणि घाई करणाऱ्यास शिक्षा करते. ज्यास हृदयाचा, रक्तदाबाचा अथवा गुडघ्याचा विकार असेल त्याने आधी डॉक्टरांस विचारावे. दहा बैठकांनी आरंभ करून महिन्याने वीस कराव्या. चाळिशीनंतर प्रथमच आखाड्यात उतरून तरुणाशी खडाखडी करण्याचा मोह टाळावा. जत्रेच्या फडात शड्डू ठोकण्याचे ते वय नव्हे.

येथे कोणी म्हणेल, पौलाने तीमथ्यास शरीराच्या कसरतीचा लाभ थोडाच असतो असे लिहिले आहे ना? लिहिले आहे, आणि ते खरेही आहे. परंतु थोडा लाभ म्हणजे लाभ नव्हे, असे हिशेब ठेवणारा कोणताही शेतकरी म्हणणार नाही. शिवाय तोच पौल धावण्याच्या शर्यतीचे व मुष्टियुद्धाचे दाखले देऊन करिंथकरांस भक्तीचा मार्ग समजावितो. ज्यास आखाडा ठाऊक नाही अशाचे हे लिहिणे नव्हे.

दुसरा आक्षेप विवेकाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. दुसरा गाल पुढे करण्यास सांगणाऱ्या प्रभूच्या शिष्याने वार करण्यास का शिकावे? आमचा अनुभव असा की, ज्यास वार येत नाही त्याची शांती पुष्कळदा भीतीच असते. आम्ही स्वतःस क्षमाशील समजत होतो. परंतु बाजारात दोन दांडगे एका गरिबास ढकलीत असता आम्ही तेथून दृष्टी चुकवून गेल्याचे आम्हांस स्मरते, आणि ती काही क्षमा नव्हती. काठी शिकताना पहिले कित्येक आठवडे वार शिकवीतच नाहीत, केवळ पायांची चाल शिकवितात. मग अडविणे येते, आणि त्यानंतर वार. ज्या दिवशी वार येतो, त्याच दिवशी तो मध्येच थांबविण्यास शिकवितात. समोरच्याच्या कपाळापासून चार बोटांवर आपली काठी थांबविणे ही ह्या विद्येतील कठीण गोष्ट होय. ज्यास ती साधत नाही त्याच्यासमोर कोणी उभे राहत नाही. पेत्राच्या हाती तरवार होती, आणि ती म्यानात घालण्याची आज्ञा त्यास झाली. आज्ञा पाळण्यास त्याच्या हाती काही तरी होते, हे विसरू नये. धनगराच्या काठीकडे पाहा. ती मेंढरांच्या पाठीवर पडण्यासाठी नसते. परंतु ती नसती, तर मेंढरे निर्धास्त चरती ना. मात्र ज्याच्या मनात कोणा एका माणसाचे नाव आहे, आणि त्याला एकदा धडा शिकवावा म्हणून जो तालमीत जाऊ इच्छितो, त्याने जाऊ नये. त्याने आधी त्या माणसाच्या घरी जावे.

तिसरा आक्षेप आमच्याच घरातून आला, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक बोचला. आमच्या वृद्ध चुलत्यांनी आम्हांस काठी फिरविताना पाहून तोंड फिरविले. ते म्हणाले, "ज्या काठीपासून आपण सुटलो, तीच पुन्हा हाती घेतलीस?" ते कोणत्या काठीविषयी बोलत होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांस सांगावयास नको. वेसकराची ती काठी गावच्या चाकरीची खूण होती. तिच्यासह रात्रीची राखण करावी, सांगावे पोहोचवावे, आणि दारोदार भाकरी मागावी लागे. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातील ती कनिष्ठ वतने नाहीशी झाली, हे बरेच झाले. चुलत्यांचे दुःख खरे आहे, आणि आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही.

तथापि ह्याच महाराष्ट्रात दुसरीही एक काठी होती. पुण्यास लहुजी वस्ताद साळवे ह्यांची तालीम होती. ते मांग कुळात जन्मले, आणि 1881 साली वारले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले तरुणपणी त्यांच्यापाशी दांडपट्टा खेळण्यास व निशाण मारण्यास शिकले. जोतीरावांनी ही गोष्ट आपल्या 1873 सालच्या 'गुलामगिरी' ग्रंथात स्वतः नमूद केली आहे. ज्या काळी लोक मांगाची सावली टाळीत, त्या काळी माळ्याचा मुलगा त्यास गुरू म्हणून नमस्कार करतो, ही लहान गोष्ट नव्हे. काठी तीच, परंतु एक काठी मनुष्यास मान खाली घालण्यास लावते, आणि दुसरी ताठ उभे राहण्यास शिकविते. चुलत्यांस आम्ही एवढेच म्हटले, "काका, ही काठी मला कोणी दिलेली नाही, मी मागून घेतली आहे." त्यांनी उत्तर दिले नाही. परंतु आता आम्ही अंगणात असता ते घरात निघून जात नाहीत.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो मनातच राहतो. तो म्हणजे लाज. ग्रीस देशाचा ज्ञानी सॉक्रेटीस उतारवयात वीणा शिकण्यास कोन्नस नावाच्या शिक्षकाकडे मुलांबरोबर जात असे. ती मुले त्यास हसत, आणि त्यांच्या गुरूस म्हाताऱ्यांचा मास्तर म्हणून चिडवीत, असे प्लेटोने एका संवादात लिहून ठेविले आहे. आम्हांसही पोरे हसली. काठी आमच्याच कानावर बसली, धोतराऐवजी घातलेला पायजमा गुडघ्यावर फाटला, आणि रविवारी व्यासपीठावर चढताना मांड्या भरून आल्यामुळे कठडा धरावा लागला. हे सर्व सोसले. परंतु एक गोष्ट सोसण्यास कठीण गेली, ती येथे कबूल करतो.

ज्या तरुणाने आम्हांस शिकविले, तो बारा वर्षांचा असता आमच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गात होता. त्यास पाठांतर होत नसे. एके दिवशी आमची सहनशक्ती संपली, आणि सर्व मुलांदेखत आम्ही त्यास म्हणालो, "तुझ्याच्याने हे व्हायचे नाही." दुसऱ्या आठवड्यापासून तो वर्गास आला नाही. उपासनेस येई, तो आईजवळ शेवटच्या रांगेत बसे. आम्ही ती गोष्ट विसरून गेलो. दहा वर्षांनी त्याच्यासमोर उभे राहून एकच पवित्रा आम्ही अकराव्या दिवशीही चुकलो, तेव्हा ती एकाएकी आठवली. कारण तेच वाक्य आपणांस ऐकावे लागणार असे वाटून आमचे तोंड कोरडे पडले. त्याने ते उच्चारले नाही. तो म्हणाला, "साहेब, काठीकडं पाहू नका, पाय पाहा. पुन्हा एकदा."

पुढे कित्येक दिवसांनी आम्ही त्याची क्षमा मागितली. आम्हांस वाटले होते की त्यास ते स्मरत नसेल. तो थोडा वेळ काठीचे टोक जमिनीवर टेकवून उभा राहिला आणि म्हणाला, "आठवतंय, साहेब. म्हणूनच मी कोणाला तसं म्हणत नाही." मग त्याने काठी उचलली, आणि आम्हीही उचलली.

बंधूंनो, आम्ही उपदेशक, शिक्षक व पाळक मंडळी पंचवीस-तीस वर्षे शिकवीत असतो. आमची चूक काढणारा सहसा कोणी नसतो. येणेकरून शिकणाऱ्याच्या पोटात कोणती भीती असते, ह्याचा आम्हांस विसर पडतो, आणि आमची जीभ जड होते. निकदेम स्वतः गुरू होता, वृद्ध होता. म्हातारा मनुष्य नव्याने कसा जन्मेल हा त्याचा प्रश्न आम्ही पुष्कळदा मंडळीस समजावून दिला आहे. परंतु आरंभी काहीच न येणाऱ्याच्या जागी उभे राहणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या अंगणात कळले. प्रौढपणी तालीम केल्याने थोडे बळ येते, तोल सुधारतो, झोप चांगली लागते. परंतु हे सर्व चालत्या माणसास चालण्यानेही मिळते. तालमीचा खास लाभ हा की, आपल्याहून लहान असा कोणी आपले चुकलेले पाऊल दाखवितो, आणि आपण 'होय' म्हणून ते सुधारतो.

आमच्या वर्गात आजही अशी दोन मुले आहेत, ज्यांस पाठांतर होत नाही. त्यांस आम्ही आता पुढल्या रांगेत बसवितो, आणि एक उत्तर दोन आठवडे चालले तरी चालू देतो. एकाचे गेल्या महिन्यात पाठ झाले. दुसऱ्याचे अद्याप झालेले नाही.

त्या उपदेशक बंधूंच्या प्रश्नास आमचे उत्तर येणेप्रमाणे : तालीम पोरांचे काम आहे हे खरे, म्हणूनच ती आम्हांस हवी. काठी नको असेल, तर दुसरे काही शिकावे. परंतु जेथे आपणांस काहीच येत नाही, आणि शिकविणारा आपल्याहून धाकटा आहे, अशा एका ठिकाणी आठवड्यातून एकदा तरी जाऊन उभे राहावे. पुढच्या खेपेस ते मुक्कामास येतील, तेव्हा त्यांच्यासाठी एक काठी आम्ही ओट्याशी उभी करून ठेविली आहे.