छातीवर ठेवलेला हात

(शुभवर्तमान : लूक १८:९-१४)



परुशी आणि जकातदार यांचा दाखला आपण लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला आहे, की धर्मगुरूंनी पहिले वाक्य वाचताच शेवट काय होणार हे आपल्याला ठाऊक असते. परुशी वाईट, जकातदार चांगला. आणि आपण मनातल्या मनात चटकन जकातदाराच्या बाजूला जाऊन उभे राहतो. परंतु ज्या लोकांनी हा दाखला प्रभू येशूच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, त्यांना तो मोठा धक्का देणारा होता.

त्यांच्या दृष्टीने परुशी हा गावातला आदर्श माणूस होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपवास बंधनकारक होता. हा परुशी आठवड्यातून दोनदा उपवास करी. धान्य, द्राक्षरस, तेल अशा उत्पन्नाचा दशांश देण्याची आज्ञा होती. हा मात्र मिळेल त्या सर्व गोष्टींचा दशांश देई. आजच्या भाषेत सांगायचे तर मिस्सा न चुकवणारा, देणगीत हात आखडता न घेणारा, नियमापेक्षा दोन पावले पुढे जाणारा धर्मग्रामस्थ! असा माणूस आपल्याला मिळाला तर आपण त्याला लगेच पॅरिश कौन्सिलवर घेऊ.

जकातदाराचे काय? कर गोळा करण्याचे काम तेव्हा मक्त्याने दिले जाई. मक्तेदाराने सरकारला ठरलेली रक्कम भरायची आणि मग लोकांकडून ती नफ्यासकट वसूल करायची. गोरगरिबांच्या पिशवीत हात घालून हे लोक गबर होत. परक्या सत्तेची चाकरी आणि स्वकीयांची लूट, असा दुहेरी डाग त्यांच्यावर होता. म्हणजे दाखल्यातला जकातदार हा कोणी गैरसमजाचा बळी नव्हता. तो खरोखरच पापी होता. तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो हाच, असे प्रभू येशू म्हणतो.

मग परुश्याचे चुकले कोठे?

त्याने प्रार्थनेत खोटे सांगितले नाही. उपवास खरा होता, दशांश खरा होता. चूक आहे ती त्याच्या नजरेत. तो मंदिरात आला देवाला भेटायला, पण त्याचे डोळे लागले होते मागे उभ्या असलेल्या माणसावर. आपली उंची मोजण्यासाठी त्याला शेजारी एक बुटका माणूस हवा होता. देवासमोर उभे राहून माणसांकडे पाहणे, हेच धार्मिक ढोंगाचे मूळ आहे. कधी आपण माणसांकडे पाहतो ते 'ते मला पाहतात ना' म्हणून. कधी पाहतो ते 'मी त्यांच्यापेक्षा बरा ना' म्हणून. दोन्ही वेळा देव बाजूलाच राहतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. परुश्याने देवाकडे काहीच मागितले नाही. भरलेला हंडा विहिरीवर नेला, तर तो जसा नेला तसाच परत येणार! जकातदार रिकामा हंडा घेऊन आला. त्याला वर पाहण्याचेही धैर्य नव्हते. पण त्याची नजर इकडेतिकडे फिरली नाही. मंदिरात परुशी उभा आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. तो फक्त आपले पाप आणि देवाची दया एवढेच पाहत होता.

मिस्सामध्ये आपली जागा

ख्रिस्तसभेने ही शिकवण केवळ पुस्तकात ठेवलेली नाही. प्रत्येक मिस्साच्या आरंभीच ती आपल्याला जकातदाराच्या जागी नेऊन उभे करते. पापांची कबुली देताना आपण छातीवर हात मारतो आणि हा माझाच अपराध आहे, असे म्हणतो. शेजाऱ्याचा नव्हे, सुनेचा नव्हे, भावाचा नव्हे, माझा! त्यानंतर आपण प्रभूची दया मागतो. पुढे ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी कफर्णहूमच्या शताधिपतीप्रमाणे आपण त्या भेटीस पात्र नसल्याचे कबूल करतो. सरपंच असो वा शेतमजूर, डॉक्टर असो वा कामवाली बाई, स्वतः धर्मगुरू असोत वा बिशप, ही कबुली सर्वांना एकच आहे. अल्तारासमोर कोणालाही वरची पायरी नाही.

पण मिस्सा संपते आणि आपण चर्चच्या आवारात येतो. ज्या हाताने छाती बडवली, त्याच हाताचे बोट दुसऱ्याकडे वळायला कितीसा वेळ लागतो? कोणाची मुलगी कोणाबरोबर फिरते, कोणाचा मुलगा किती पितो, कोण किती दिवसांनी मिस्साला आले, याचा हिशेब पायऱ्यांवरच सुरू होतो. वीस मिनिटांपूर्वी आपण जकातदार होतो. गेटपर्यंत पोहोचेतो परुशी झालेलो असतो!

दुसरे उदाहरण याहून जड आहे. मिस्सामध्ये आपण एकमेकांना शांतीचे चिन्ह देतो. पुढच्या बाकावरच्या अनोळखी पाहुण्याला हसून हात जोडतो. पण त्याच रांगेत सख्खा भाऊ बसलेला असतो आणि त्याच्याकडे मान वळत नाही. सातबाऱ्यावरचे नाव, घराची सामाईक भिंत, विहिरीचे पाणी, आईच्या दागिन्यांची वाटणी, काहीतरी मध्ये आलेले असते आणि वर्षानुवर्षे बोलणे बंद असते. आईवडिलांच्या पुण्यतिथीची मिस्साही दोघे भाऊ वेगवेगळी लावतात. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात काय सांगितले आहे? वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी समेट करावा आणि मग येऊन अर्पण करावे (मत्तय ५:२३-२४). चूक कोणाची, हे प्रभूने येथे विचारलेले नाही. पहिले पाऊल टाकायला सांगितले आहे.

सोंग आणि चेहरा

शुभवर्तमानात 'ढोंगी' या अर्थी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ रंगभूमीवरचा नट असा आहे. नट राजाचे सोंग घेतो, पण पडदा पडला की मुकुट उतरवून ठेवतो. त्यात पाप नाही, तो त्याचा धंदा आहे. पण भक्तीचे सोंग घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला प्रेक्षक हवे असतात आणि प्रेक्षक उठून गेले की त्याची भक्तीही संपते. दान, प्रार्थना आणि उपवास या तीनही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका, असे प्रभूने बजावले आहे (मत्तय ६:१-१८). गंमत म्हणजे ख्रिस्तसभा हा उतारा दरवर्षी नेमका राखेच्या बुधवारी वाचते. ज्या दिवशी आपल्या कपाळावर सर्वांना दिसेल अशी राख लागते, त्याच दिवशी उपवास करताना तोंड धुवा, असे आपल्याला ऐकवले जाते! राख लावू नका, असा याचा अर्थ नव्हे. बाहेर जे दिसते ते आतही असू द्या, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून फेस्त साजरे करू नये, देणगी देऊ नये, वाचन करायला किंवा गायनमंडळात पुढे येऊ नये, असे कोणी समजू नये. आपला प्रकाश लोकांसमोर पडावा, असेही प्रभूनेच सांगितले आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्या प्रकाशात लोकांना कोण दिसावे? स्वर्गीय पिता की आपण? देणगीदारांच्या पाटीवर आपले नाव राहून गेले म्हणून पुढच्या वर्षी पाकीट आले नाही, तर पहिले पाकीट कोणासाठी होते, हे ज्याचे त्याने ओळखावे.

घर हे यातले खरे परीक्षास्थान आहे. चर्चमध्ये 'ब्रदर', 'सिस्टर' म्हणून गोड बोलणारा माणूस घरी पत्नीला कसे हाक मारतो, म्हाताऱ्या सासूच्या ताटात काय वाढले जाते, कामवाल्या बाईने सणाच्या आधी उचल मागितली तर तिला काय उत्तर मिळते, हे मुले पाहत असतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलेले मुले विसरतील. घरात पाहिलेले विसरणार नाहीत. तरुण मुले चर्चपासून दूर जातात, अशी आपली तक्रार असते. त्यातली काही मुले देवाला कंटाळून गेलेली नसतात. आपल्या सोंगाला कंटाळलेली असतात.

छातीनंतर पिशवी

जकातदार घरी गेल्यावर त्याने काय केले, हे दाखल्यात सांगितलेले नाही. पण संत लूक पुढच्याच अध्यायात आपल्याला जक्कयची भेट घडवतो (लूक १९:१-१०). तो यरीहोचा मुख्य जकातदार होता. प्रभू त्याच्या घरी आला, तेव्हा तो केवळ रडत बसला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत, असे त्याने उभे राहून जाहीर केले. पश्चात्ताप खरा की दिखाऊ, हे असे ओळखता येते. छातीवर मारलेला हात पुढे पिशवीत गेला पाहिजे. ज्याची अब्रू घेतली त्याच्या दाराशी गेला पाहिजे.

नम्रता म्हणजे स्वतःची निंदाही नव्हे. "अहो, मी कसला, मी तर पापी माणूस" असे चारचौघांत म्हणायचे आणि दुसऱ्याने "हो, खरे आहे" म्हटले की आठ दिवस त्याच्याशी बोलायचे नाही, ही नम्रता नाही. आपण जेवढे आहोत तेवढेच देवासमोर असणे, त्याहून उंच नाही आणि मुद्दाम वाकलेलेही नाही, ही नम्रता.

मार्च २०१४ मध्ये रोमच्या संत पीटर महामंदिरात पोप फ्रान्सिस प्रायश्चित्त विधीसाठी आले होते. ते इतरांची पापनिवेदने ऐकणार होते. पण आधी ते सर्वांच्या देखत एका साध्या धर्मगुरूसमोर गुडघे टेकून स्वतःचे पापनिवेदन करू लागले. परमगुरूंनाही कुमसाराला जावे लागते, तर आपल्याला लाज कसली?

आपल्या वसईच्या मातीतले संत गोन्सालो गार्सिया यांचेही स्मरण करू या. जपानमध्ये त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले, पुढे व्यापार केला आणि मग व्यापार सोडून मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. ते धर्मगुरू नव्हते. १५९३ साली ते जपानला परत गेले ते पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून. दुभाष्याचे काम कसे असते? बोलायचे आपण, पण शब्द दुसऱ्याचे. ऐकणाऱ्याचे लक्ष आपल्याकडे नाही, निरोपाकडे जावे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले, तेव्हा एकूण २६ हुतात्म्यांमध्ये ते एक होते. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले. खरा ख्रिस्ती माणूस असाच प्रभूचा दुभाषी असतो.

एक शेवटचा धोका

"चर्चला जाणारे सगळे ढोंगी, त्यापेक्षा आम्ही घरी बसतो ते बरे," असे काही जण म्हणतात. त्यांनी नीट ऐकावे, ही परुश्याचीच प्रार्थना आहे, फक्त मंदिराबाहेर उभे राहून केलेली! आणि हा लेख वाचताना आपल्याला वाडीतल्या कोणा दुसऱ्याचा चेहरा आठवत असेल, तर आपणही त्याच रांगेत आहोत.

परंतु कोणीही खचून जाऊ नये. श्रद्धा मोठी आणि जगणे तोकडे, असे आपणा सर्वांचेच आहे. त्याला दुर्बलता म्हणतात, ढोंग म्हणत नाहीत. पुन्हा पुन्हा पडणारा आणि पुन्हा पुन्हा कुमसाराला येणारा माणूस ढोंगी नव्हे. तोकडेपणा झाकून ठेवणे आणि दुसऱ्याचा उघडा पाडणे, हे ढोंग आहे. दुर्बलतेसाठी देवाच्या दयेचे दार सदैव उघडे आहे. फक्त आत जाण्यासाठी वाकावे लागते.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या :

१. एक चांगले काम असे करू या, की ते देवाखेरीज कोणालाही कळणार नाही. घरच्यांनाही नाही.

२. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्याशी आपण होऊन एक वाक्य बोलू या. आधी कोण बोलले, याचा हिशेब ठेवू नये.

३. पुढच्या रविवारी मिस्सामध्ये छातीवर हात ठेवताना क्षणभर थांबून एका नेमक्या पापाची आठवण करू या, स्वतःच्या.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू आमची अंतःकरणे जाणतोस. लोकांसमोर चढवलेले आमचे मुखवटे तू प्रेमाने उतरव. आमची नजर शेजाऱ्याच्या दोषांवरून काढून तुझ्या दयेकडे वळव. आमच्या ओठांवर जे आहे ते आमच्या घरातही दिसू दे आणि आज आम्हांला तुझ्या कृपेने नीतिमान ठरवून घरी पाठव. आमेन.