काँक्रीटचा ओटा आणि द्रव्यशुद्धी

द्रव्यशुद्धी, म्हणजे वापरातील वस्तू विटाळल्यास ती पुन्हा शुद्ध कशी करावी याचा विचार, मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात येतो. मनूच्या मते धातूची व दगडाची वस्तू राख, माती आणि पाणी यांनी शुद्ध होते, मातीचे भांडे मात्र पुन्हा भाजावे लागते. पदार्थ बाहेरचे किती शोषून घेतो, हा निकष या भेदामागे असावा, असे मानण्यास जागा आहे. स्वयंपाकघरासाठी काँक्रीटचा ओटा निवडणाऱ्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो, कारण दिसण्यात दगड असलेले हे मिश्रण सच्छिद्रतेत मातीच्या जवळ जाते: हळद आणि तेल त्यात मुरतात, लिंबू व चिंच यांतील आम्ल सिमेंटमधील चुनायुक्त घटकांवर क्रिया करून पृष्ठभाग खरबरीत करते, आणि ओटा पुन्हा भट्टीत घालणे तर अशक्यच. सीलर, म्हणजे छिद्रे बुजवणारा लेप, दिल्याने तो दगडाच्या वर्गात जातो काय? लेप झिजतो व वेळोवेळी पुन्हा द्यावा लागतो. तेव्हा येथे शुद्धी द्रव्यापेक्षा निगराणीवर अधिक अवलंबून राहते, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल. कडप्पाही चुनखडीचाच दगड असल्याने आम्लापुढे तितकाच हतबल असतो. दगडाच्या जातीनुसार वेगळे नियम मात्र मनूने सांगितलेले नाहीत.