ओळख लागते

"मॅडम, सगळीकडे ओळख लागते."

माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य म्हणणारी मुलं किती झाली, ते मी मोजलेलं नाही. नाशिकमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना करिअरबद्दल मार्गदर्शन करणं हे माझं काम. कुणी सुरगाण्याहून आलेलं असतं, कुणी निफाडहून, कुणी सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातून. ओळख म्हणजे त्यांच्या लेखी वशिला. कंपनीत मामा हवा, बँकेत काका हवा. पूर्वी मी त्यांना समजावत असे की अंगात गुण असले की वशिल्यावाचून अडत नाही. आता तसं म्हणत नाही. मुलं खरं बोलतात, ओळख लागतेच. पण माणसांच्या ओळखीआधी कामाची ओळख लागते, आणि ती आपण त्यांना करून दिलेली नाही. माझ्या कामाबद्दल मला जे काही सांगायचं आहे, ते एवढंच आहे.

दिंडोरी तालुक्यातला एक मुलगा आठवतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. बायोडेटा एका पानाचा, तोही अर्धा कोरा. 'अनुभव' या शब्दापुढे त्याने लिहिलं होतं : नाही. घरी काय आहे विचारलं, तर चार एकर द्राक्षबाग. माल कुठे जातो? "एक्स्पोर्टला, पण सगळा नाही." मग फवारणीची नोंदवही कोण लिहितं?

"मीच. वडलांना ते जमत नाही."

पुढच्या रविवारी घरून येताना ती वही आण म्हटलं, आणि त्याने आणली. जाड पुठ्ठ्याची, कडा औषधाने पिवळ्या पडलेली. ऑक्टोबर छाटणीपासूनची प्रत्येक फवारणी तारीखवार लिहिलेली : डाऊनी रोगासाठी कोणतं औषध, भुरीसाठी कोणतं, लिटरला प्रमाण किती, त्यानंतर किती दिवस घड तोडायचा नाही. एका पानावर लाल पेनाने एक ओळ खोडून बाजूला सही केली होती. विचारलं तर म्हणाला, "प्रमाण चुकीचं लिहिलं गेलं होतं. खाडाखोड केली की सही करायची असते, नाहीतर पुढे कुणी मानत नाही." हे त्याला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली आणि अनेक बागायतदार कर्जात बुडाले, तेव्हा हा मुलगा प्राथमिक शाळेत होता. त्या वर्षी घरात झालेली बोलणी त्याच्या कानावर पडली होती. नोंद चुकली तर काय होतं, हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

औषधांच्या आणि अन्नपदार्थांच्या कारखान्यांत ज्याला क्वालिटी विभाग म्हणतात, तिथला निम्मा दिवस याच कामात जातो. नोंद करणं, चूक झाली तर ती लपवण्याऐवजी दिसेल अशी दुरुस्त करणं, आणि सही करून तिची जबाबदारी घेणं. या मुलाला ते काम येत होतं, पण ते काम आहे हेच माहीत नव्हतं. आम्ही बायोडेटातला 'नाही' खोडला आणि तीन ओळी लिहिल्या. मग तो एका पॅकहाऊसमध्ये आणि एका तपासणी प्रयोगशाळेत दोन-दोन दिवस नुसता बसून आला. आज तो अशाच एका प्रयोगशाळेत आलेले नमुने नोंदवून घेतो. मी त्याला सल्ला असा काही दिलाच नव्हता.

माझ्या पेशाचा उगम अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सांगतात. फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ साली तिथे तरुणांना धंदा निवडायला मदत करणारं कार्यालय उघडलं. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये मागाहून निघालं. त्यांचं म्हणणं साधं होतं : स्वतःला जाण, कामं जाण, आणि मग दोन्हींचा मेळ नीट विचाराने घाल. यातलं पहिलं आपण उचललं. राज्य मंडळाने २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी आणली. त्यात सात क्षेत्रं होती, कृषीपासून गणवेशधारी सेवांपर्यंत. चाचणीला माझा विरोध नाही. पण ज्या मुलीने प्रयोगशाळा पाहिली ती फक्त शाळेतली, कुलूप लावलेली, तिचा कल प्रयोगशाळेकडे आहे की नाही हे कागदावर कसं उमटणार? मूल जे पाहतं, त्यातूनच निवडतं. त्याने पाहिलेलं असतं काय? शिक्षक, पोलीस, तलाठी, बँकेचा कॅशियर, डॉक्टर आणि मोबाइलमधले यशस्वी लोक.

आपल्या शहराचंच बघा. दिंडोरी रोडने म्हसरूळकडे जाणाऱ्या बसमध्ये रोज शेकडो विद्यार्थी 'मेरी'चा स्टॉप ओलांडतात. मेरी म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ साली सुरू झालेली. माती, काँक्रीट, धरणांची सुरक्षितता यांचा अभ्यास तिथे होतो. मी वर्गात विचारते, मेरीत काय चालतं? बहुतेकांना ते बस स्टॉपचं नाव वाटतं. ओझरला एचएएलमध्ये विमानं बनतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण विमानाच्या कारखान्यात भांडार सांभाळणारा, दस्तऐवज तपासणारा, हिशेब ठेवणाराही असतो, हे बी.कॉम.च्या मुलाच्या ध्यानात येत नाही. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, एवढ्यावर आपली माहिती संपते. सातपूर-अंबडचे कारखाने या मुलांनी फक्त भिंतीबाहेरून पाहिलेत, शिफ्ट सुटताना.

आपल्या भाषेत नोकरी 'लागते'. झाडाला फळ लागतं, तशी. पहिली नोकरी मिळाली की घरी पेढे वाटताना सांगतात, "पोरगा कंपनीत लागला." कंपनीत म्हणजे कशात, तो दिवसभर काय करतो, हे फारसं कुणी विचारत नाही. तो कॉन्ट्रॅक्टवर आहे की पर्मनंट आणि हातात किती पडतात, एवढंच विचारतात. तेही विचारायला हवं, पोटाचा प्रश्न आहे. पण कामाचं वर्णन करायची सवयच आपल्या घरात नाही. म्हणून मुलाखतीत 'स्वतःची ओळख करून द्या' म्हटलं की मुलं नाव, गाव आणि पाठ केलेले छंद इंग्रजीत घडाघडा सांगतात आणि गप्प होतात. मी त्यांना आधी मराठीत सांगायला लावते : गेल्या वर्षभरात तू हाताने केलेलं एक काम सांग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते जमलं की इंग्रजी दहा दिवसांत मागून येतं.

आता स्पर्धा परीक्षांकडे येते, कारण त्या टाळून नाशिकमध्ये या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. गंगापूर रोडच्या आसपासच्या अभ्यासिका सकाळी सहाला भरतात. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. एका जागेमागे दोनशेहून जास्त. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज. हे आकडे सांगून मुलांना घाबरवणारे पुष्कळ आहेत, मला त्यात पडायचं नाही. सरकारी नोकरीची ओढ मूर्खपणाची नाही. ज्या घराने गारपिटीत दोन हंगाम गमावले, त्याला महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत माझ्यापेक्षा चांगली कळते. मी फक्त विचारते, तलाठी दिवसभर काय करतो? सातबारा देतो, याच्यापुढे उत्तर जात नाही. त्र्यंबकच्या बाजूचा एक मुलगा माझ्या सांगण्यावरून तीन दिवस तलाठी कार्यालयात जाऊन बसला. फेरफाराच्या नोंदी पाहिल्या, भावाभावांची भांडणं ऐकली, नुकसानीच्या पंचनाम्याला बांधावर गेला. परत आला तो म्हणाला, "मॅडम, मला हेच करायचंय. आता पक्कं." दुसरी एक मुलगी असंच पाहून आली आणि तिने नाद सोडला. दोन्ही निर्णयांचा मला सारखाच आनंद झाला. अभ्यास करणाऱ्याने एक तारीख मात्र कागदावर लिहावी, असा आग्रह मी धरते. किती अटेम्प्ट, कधीपर्यंत, आणि त्या दिवसानंतर काय. राज्यसेवेला खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३८ आहे. वाट पाहण्याची परवानगी सरकार एवढी लांबपर्यंत देतं, म्हणून थांबायचा दिवस आपला आपण ठरवावा लागतो.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. कळवणकडच्या एका मुलीला पुण्याजवळच्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. पगार बरा होता, राहायची सोय होती. घरून नकार आला. वडील भेटायला आले तेव्हा मी त्यांना काळ बदलला आहे, मुली कुठल्या कुठे गेल्या, असं बरंच ऐकवलं. ते शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, पोरगी तिथं आठ तास कुठं उभी राहणार, ते तुम्ही बघितलंय का?"

मी बघितलं नव्हतं. मुलीनेही नाही, वडिलांनीही नाही. आम्ही तिघंही एका न पाहिलेल्या जागेबद्दल भांडत होतो. ती नोकरी गेली. पुढच्या वर्षी मी आधी स्वतः जाऊन पाहून आले, मग दोन मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन गेले. त्यातल्या एकीच्या आईने प्रयोगशाळेतल्या बाईंना विचारलं, रात्रपाळी असते का, पाणी प्यायला कुठे जायचं. उत्तरं मिळाली. दोघी मुली आज तिथे काम करतात. काम घरालाही दिसावं लागतं, हे मला त्या बापाने शिकवलं.

पाहण्याने किती फरक पडतो, याचं उदाहरण चांदवड तालुक्यात आहे. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. पाण्याची ओढाताण असलेला भाग. त्याने विहिरी खोदण्याचं काम केलं, पेट्रोल पंपावर काम केलं, २०१२ मध्ये सैन्यात गेला. वल्हवण्याच्या शर्यतीची नाव त्याच्यासमोर आली ती तिथे. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकमध्ये वल्हवत होता, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्णपदक मिळवणाऱ्यांत होता. गावात असताना त्याला कुणी आवड विचारली असती, तर तो काय सांगणार होता? दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. चित्रकला, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, छपाई, एवढं सगळं करून झाल्यावर चाळिशीत त्यांनी पडद्यावर हलणारं चित्र पाहिलं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ ला लागला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. 'आवड शोधा' असं विशीतल्या मुलांना बजावणाऱ्या वक्त्यांनी हे वय लक्षात ठेवावं.

मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थीही माझ्याकडे येतात. १९८९ साली नाशिकमध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाची पदवी सांगताना त्यांचा आवाज उगाच खाली जातो. वास्तविक दुकान, वर्कशॉप, अंगणवाडी सांभाळून शिकलेल्या या लोकांपाशी कामाची ओळख आधीपासून असते. त्यांना मी आवाज वर करायला सांगते.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं आहे. योजना उत्तम. पण अनेक ठिकाणी ती शिक्क्याच्या कागदावर भागते. ओळखीच्या दुकानदाराचं लेटरहेड, सही, झालं. विद्यार्थी तिथे एक दिवसही गेलेला नसतो. यात एकटी मुलं दोषी नाहीत. शंभर मुलांना खरोखर आत घेणाऱ्या शंभर जागा प्राध्यापकांनी आणायच्या कुठून? त्या तुमच्याकडे आहेत. तुम्ही एचएएलमध्ये असाल, बँकेत, रक्तपेढीत, पॅकहाऊसमध्ये, वकिलाच्या कचेरीत किंवा अंबडच्या दहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये असाल. नियमात बसत असेल तिथे एका विद्यार्थ्याला दहा दिवस शेजारी बसू द्या. आणि जिथे नियम आत येऊ देत नाहीत, तिथलं काम निदान तोंडाने सांगा.

या दिवाळीत तुमच्या घरी पदवीला असलेली भाची, पुतण्या, शेजारचं पोर फराळाला येईल. त्याला "पुढे काय?" विचारू नका, त्याचं उत्तर त्याच्यापाशी नाही. तुम्ही सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत नेमकं काय करता, ते त्याला सांगा. सुट्टी संपल्यावर जमलं तर एक दिवस सोबत घेऊन जा.