वाचनालयाचं रजिस्टर

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे एक कौलारू खोली. दोन कपाटं, एक टेबल. ग्रंथपाल धानाच्या बांधीतून थेट येत, चिखलाचे पाय बाहेर धुत आणि मगच कपाट उघडत.

१९८७ साली राज्य सरकारनं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा चौथा खंड काढला. त्यातल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'वरून महाराष्ट्र पेटला. मागे घ्या म्हणून मोर्चे, घेऊ नका म्हणूनही मोर्चे. शेवटी त्या मतांशी सरकार सहमत नाही, अशी टीप घालून खंड राहिला. आमचा भंडारा तर १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना हरवलेला. इथं तो वाद पारावर आला नसता तरच नवल.

एक प्रत आमच्या कपाटात होती. एका संध्याकाळी सात-आठ जण आले. "ते पुस्तक काढून टाका जी. आन् कोनं नेलं, ते रजिस्टर दाखवा." त्यांत माझे बाबा होते.

इंग्रजी त्यांच्यातल्या कोणालाच येत नव्हतं. मलाही यथातथाच, कोश घेऊन आठ पानं रेटली होती. पण रजिस्टरात नाव माझंच होतं. मी पेपराआड तोंड लपवून बसलो.

ग्रंथपालांनी रजिस्टर मिटलं, वर हात ठेवला. "त्यातलं जे ऐकलो, ते मलेबी पटलं नाही. पण पटलेलीच ठेवतो म्हटलं तं एक कपाट रिकामं होईल. आन् कोन काय वाचते, ते मी त्याच्या बापालेबी सांगत नाही."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते न पाहणं मला अजून आठवते.

लिहिणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर आपण भांडतो. वाचणाऱ्याचं स्वातंत्र्य मात्र असं कोणाच्या तरी तळहाताखाली, गुपचूप सांभाळलं जाते.

आता मी वाचनालयाच्या समितीवर आहे. मागच्या वर्षी खरेदीच्या यादीत एक पुस्तक आलं. माझ्या श्रद्धेवरच घाव घालणारं. वाटलं, ही ओळ खोडावी. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेत मोडतोड झाली, ती साऱ्यांना दिसली. यादीतली खोडलेली ओळ कोणाला दिसणार? जाळपोळीपेक्षा हे सोपं, म्हणूनच जास्त भीतीचं.

पेन दोनदा टेकवलं, दोनदा उचललं. पुस्तक आलं. परवा ते कोणीतरी नेलं. बाबा असते तर विचारलं असतं, "कोनं गा?"

रजिस्टर मी मिटूनच ठेवतो.